पाण्यातली आई

बुआंगाच्या पोटात सगळं गाव मावलं होतं. कुणी कुणाच्या शेतातला केळीचा घड उतरवून नेला, कुणाचं धाकटं पोर नक्की कुणाचं, कोणता जावई सासरा कधी एकदाचा डोळे मिटतो म्हणून टपून बसला होता, हे सगळं तिला ठाऊक होतं आणि त्यातलं अक्षरही तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. गावात तिला मान होता, आणि त्या मानात थोडी भीतीही मिसळलेली होती. बाजारात ती येऊन उभी राहिली की सुक्या मासळीवालीचा हात आपोआप सैल सुटायचा.

तिचं काम एवढंच, की लाकूड खाणाऱ्याला पहाटे नदीवर न्यायचं. लाकूड म्हणजे इबोगाच्या झुडपाच्या मुळाची साल. ती खाल्ली की माणूस गावच्या विधीच्या मंडपात रात्रभर पडून राहतो, मेलेल्या आजेपणजांच्या गावाला जाऊन येतो आणि आपलं दुखणं कुणी लावलं ते विचारून येतो. आमच्या डोंगरात हे फार जुनं आहे. सरकारची त्याला बंदी नाही, कधी नव्हतीच. उलट राजधानीत मोठी माणसं छाती फुगवून सांगतात की हा देशाचा ठेवा आहे. पण पोटात घाण ठेवून खाल्लं तर लाकूड माणसाला परत पाठवत नाही, असं आम्ही मानतो. म्हणून आधी नदी. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं आणि आजवर केलेलं एकेक वाईट बोलून दाखवायचं. प्रत्येक गोष्टीसाठी बुआंगा त्याच्या हातात एक पान द्यायची. बोलून झालं की त्यानं पान पाण्यात सोडायचं. पान वळणाआड गेलं की ती गोष्ट संपली. ऐकणारीनं ती पुन्हा कुठे उच्चारायची नाही, मनातसुद्धा घोळवायची नाही. त्या सकाळी नदीच्या खालच्या अंगाला कुणी बाई कसावाचे कंद भिजत घालायची नाही. दुसऱ्याची पापं आपल्या जेवणात कोण घेईल?

बुआंगाच्या आधी हे काम तिची आई करायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलं राजधानीत, लिब्रव्हिलला होती, फोनवर खोकल्याची चौकशी करण्यापुरती. पण गावातली निम्मी तरणी पोरं तिला आई म्हणायची, कारण नदीतून तिनंच त्यांना हाताला धरून बाहेर काढलेलं असायचं. तिला याचं मोठं सुख होतं. म्हातारपणी दुसरं काय लागतं, असं ती पेम्बाला म्हणायची.

पेम्बा तिची शेजारीण. लहानपणापासूनची. एकीच्या चुलीचा धूर दुसरीच्या घरात जायचा आणि दोघी त्यावरून रोज भांडायच्या. पेम्बाचा भाऊ मुकेतू हा मंडपाचा म्होरक्या. वीणा वाजवणारा, लाकूड देणारा. आमच्याकडे माणसाचं जे काही असतं ते बहिणीच्या मुलाला जातं, तेव्हा मुकेतूनंतर मंडप पेम्बाच्या थोरल्याचा, मबिकाचा, हे तो जन्मला तेव्हाच ठरलं होतं. मबिका जंगलतोडीच्या कंपनीत ओंडके भरायला होता. तिथून तो एक दिवस अचानक परत आला. गालफडं बसलेली, पण हसणं तेच.

"काय रे, काढून टाकलं का तुला?" बुआंगानं विचारलं.

"मीच त्यांना काढून टाकलं," तो म्हणाला. "आता मामाची वीणा शिकतो. लाकूड खातो आणि बसतो इथंच. तुम्हा दोघींची भांडणं सोडवायला कुणीतरी हवं ना."

लाकूड द्यायच्या आधी मुकेतू अंगणात सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचा. हीसुद्धा जुनी रीत. फिट येते का? चालता चालता पडतोस का? छातीत धडधडतं का? पडणाऱ्याला लाकूड द्यायचं नाही, हा नियम आमच्या पणज्यांनी घालून ठेवलेला आहे, कारण पडणारा माणूस तिकडे जातो आणि तिकडेच पडून राहतो. मबिकानं मामाच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही मामा. बैलासारखा आहे मी." पोरं हसली. पेम्बाही हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बुआंगा त्याला घेऊन पाण्यात उतरली. पाणी गार होतं. त्यानं एकेक सांगितलं; तरण्या पोराचं असतं तेच. कंपनीतलं डिझेल विकलं. एका मुलीला शब्द देऊन आला आणि परत गेलाच नाही. धाकट्या भावाला, दिबादीला, उगीच मारलं होतं. पानं एकामागून एक वळणाआड गेली. पुढच्या पानासाठी त्यानं हात पुढे केला नाही.

"झालं?" बुआंगा म्हणाली.

"अजून एक आहे, आई."

"मग बोल की. पाय गारठले माझे."

"मी पडतो."

तिला आधी कळलंच नाही.

"ओंडका उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येते. छातीत काहीतरी थांबतं, आणि मग मी जमिनीवर असतो. मुकादमानं म्हणूनच घरी पाठवलं. मामाशी खोटं बोललो मी. खरं सांगितलं असतं तर त्यानं लाकूड दिलं नसतं, आणि लाकूड नाही तर मंडप नाही. शिवाय मला विचारायचंय गं त्यांना, तिकडच्यांना. हे का होतं ते. दुसरं कुणाला विचारू मी?"

बुआंगा पानांची जुडी हातात धरून उभी राहिली. मुकेतूच्या कानावर घालावं का, असं तिच्या मनात येऊन गेलं. आलं आणि त्याचीच तिला लाज वाटली. तिच्या आईनं असं कधी केलं नव्हतं. पाण्यातलं पाण्यात राहतं म्हणून तर माणसं पाण्यात खरं बोलतात.

"पडलास म्हणजे चोरी केलीस का?" ती म्हणाली.

"नाही."

"कुणाचा जीव घेतलास?"

"नाही."

"मग पडण्यात पाप कसलं रे वेड्या? मामाशी खोटं बोललास, तेवढं पाप. हे घे." तिनं जुडीतलं सगळ्यात मोठं पान काढून त्याला दिलं. "सोड. पडणंही त्याच्याबरोबर जाऊ दे."

त्यानं पान सोडलं. ते थोडं भोवऱ्यात फिरलं आणि गेलं. मबिका मोठ्यानं हसला. "हलकं वाटलं बघ," तो म्हणाला. बुआंगालाही हलकं वाटलं. पोराचं दुखणं आपल्या हातानं पाण्यात गेलं अशी तिची खात्री होती. मनापासून खात्री होती. हे विसरून पुढचं सगळं वाचलं तर तिच्यावर अन्याय होईल.

त्या रात्री मबिकानं लाकूड खाल्लं, आणि तो परत आला नाही. मंडपात त्याच्या उशाशी बुआंगाच बसली होती. त्याचा श्वास लांब लांब होत गेला, मग दोन श्वासांमध्ये ती स्वतःचा श्वास धरून बसू लागली, मग वाट बघण्यासारखं काही उरलं नाही. त्याला चोळलं, नावानं हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. वीणा चालूच होती, कारण ती मध्ये थांबवली तर वाट चुकते. उजाडताना मुकेतूनं वीणा खाली ठेवली. त्याच्या सख्ख्या भाच्याचं, त्याच्या वारसाचं प्रेत समोर होतं. त्यानं तेच म्हटलं जे अशा वेळी म्हणतात.

"यानं काहीतरी पोटात ठेवलं."

संपलं. एवढ्या एका वाक्यानं पोर दुसऱ्यांदा मेलं. ज्यानं पाप लपवून लाकूड खाल्लं त्याला आमच्याकडे रडत नाहीत. त्याच्यासाठी ढोल नाही, नाच नाही, जेवण नाही. त्याला कॉफीच्या जुन्या झुडपांमागे पुरलं आणि लोक हात धुऊन घरी गेले. काय लपवलं असेल याचे तर्क मात्र महिनोन्महिने चालले. कुणी म्हणालं, कंपनीत माणूस मारून आला होता. कुणी म्हणालं, आईनंच त्याला रात्रीच्या धंद्यात ओढलं असणार, म्हणजे चेटकात. पाणवठ्यावर पेम्बा आली की बायका घागरी अर्धवट भरूनच निघू लागल्या. ज्यांच्या बाळंतपणात ती रात्ररात्र जागली होती, त्याच बायका. माणसाची जात मेली हलकट, दुसरं काय म्हणायचं.

एकटी बुआंगा तिच्याकडे जात राहिली. उकडलेली केळी, पाम तेलातली भाजी, असेल ते झाकून न्यायची. पेम्बा ताटाकडे बघायची नाही.

"बुआंगे, तू होतीस ना पाण्यात?"

"जेव आधी."

"त्यानं काय लपवलं ते मी विचारत नाहीये. एकच सांग. लपवलं का त्यानं? नुसती मान हलव."

"पेम्बे, पाण्यातलं पाण्यात."

"मान हलव म्हणते, बोल कुठे म्हणते?"

बुआंगा उठून घरी यायची. रस्त्यात तिला हुंदका फुटायचा. पोरानं काही म्हणता काही लपवलं नव्हतं. असा धुतल्यासारखा स्वच्छ माणूस तिनं नदीतून कधी बाहेर काढला नसेल, आणि हे सांगितलं असतं तर त्याची आई रात्री झोपली असती. पण मानसुद्धा हलवायची नाही म्हणजे नाही. आणि दुसरंही होतं, जे ती स्वतःशीही पुरतं बोलत नव्हती. लपवलं नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता: मग तो मेला कशानं?

पुढच्या कोरड्या मोसमात समुद्राकडच्या एका शहराजवळ एक गोरा मेला. तिकडे कुणीतरी गोऱ्यांसाठी बंगला बांधून त्यांना लाकूड खाऊ घालत होता. नशापाणी सुटतं म्हणून ते येतात. मबिका मेला तेव्हा वाटेवरच्या कोंबडीनं मान वर केली नव्हती. गोरा मेला तेव्हा रेडिओ आठवडाभर बोलत होता. लाकडावर कायदा हवा, परवाना हवा, डॉक्टर हवा, असं सगळं. मग राजधानीतून माणसं गावोगाव फिरून मंडपवाल्यांचं म्हणणं ऐकू लागली, आणि एक दिवस आमच्याही मंडपासमोर गाडी थांबली.

गाडीतून ओबोन नावाची डॉक्टरीण उतरली. बाई चांगली होती. तिला खुर्ची दिली तरी ती बायकांबरोबर ओंडक्यावर बसली, वाढलं ते जेवली, आणि मुकेतूला बाबा म्हणाली. मंडपात सगळं गाव जमलं होतं. पेम्बा एका टोकाला एकटी होती. तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती, एरवी बसायला जागा पुरत नाही तिथं.

"लाकूड वाईट, असं मी म्हणत नाही बाबा," ओबोनबाई म्हणाली. "माझ्या आजोबांनीही खाल्लंय. पण त्यानं छातीचे ठोके मंदावतात. ज्याची छाती मुळातच अडखळत चालते, त्याची थांबू शकते. मोठ्या गावात ती तपासायचं मशीन आहे. खाण्याआधी तेवढं तपासून यावं, एवढाच नियम करायचा विचार आहे."

मागून एक म्हातारा ओरडला, "दारूच्या गुत्त्यात लावलंय का मशीन? तिथं तर रोज पडतात!"

मंडप हसला. बाईही हसली.

"तिथंही लावलं पाहिजे, काका."

"नियम, नियम," मुकेतू म्हणाला. तो सहसा आवाज चढवत नसे. "तुमचं सरकार जन्माला यायच्या आधी आमचा नियम होता. पडणाऱ्याला लाकूड द्यायचं नाही. मी प्रत्येकाला विचारतो, इथं, सगळ्यांसमोर. मशीन कशाला हवं? तुमचं मशीन छाती बघेल. चेटूक बघेल का? आज मशीन मागाल, उद्या मंडपाला कुलूप मागाल. गोऱ्यांसाठी हवा तेवढा कायदा करा. ते पाहुण्यासारखे येतात, पाहुण्यासारखे जातात. आमचं आम्हाला कळतं."

"आणि कुणी खोटं बोललं तर?"

"अंगणात बोलेल एखादा. पाण्यात कुणी बोलत नाही."

"पाण्यातलं तुम्हाला कळतं का, बाबा?"

"ते कळायचं नसतं," तो म्हणाला.

"गेल्या काही वर्षांत इथं कुणी गेलं का?"

"एक." मुकेतूनं खाली बघितलं. "माझा भाचा. त्यानं पोटात ठेवलं."

त्या टोकाला पेम्बानं मान खाली घातली. नुसती घातली नाही, गुडघ्यांत खुपसली, आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. समोर बसलेली एक पोरगी तिच्याकडे बघून दुसरीच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि दोघी हसल्या. बुआंगानं ते पाहिलं. आजवर जे तिनं दाबून धरलं होतं ते त्या हसण्यानं सुटलं.

"त्यानं पोटात ठेवलं नाही," ती म्हणाली.

मुकेतू गर्रकन वळला. "बुआंगा!"

"ठेवलं नाही म्हणते ना. सगळं बोलला पोरगा. पडतो, असंसुद्धा बोलला. छाती थांबते आणि मी पडतो, मामाशी खोटं बोललो, असं म्हणाला, आणि मी त्याला पान दिलं. तो गुन्हेगार नव्हता, आजारी होता. तुझ्या नियमानं त्याला लाकूड मिळायला नको होतं, मुकेतू. तुला ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक होतं. तू अंगणात विचारतोस तिथं लोक खोटं बोलतात. मी पाण्यात विचारते तिथं खरं बोलतात आणि ते तिथंच राहतं. काय उपयोग मग आपल्या विचारण्याचा? बाई, आणा तुमचं मशीन. त्याला तरी तोंड असू द्या."

ओबोनबाईनं लिहिणं थांबवलं होतं.

पेम्बानं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की तेवढ्यापुरतं बुआंगाला वाटलं, बरं केलं आपण. "लपवलं नाही," पेम्बा पुटपुटली. "माझ्या पोरानं लपवलं नाही." ती उठली, बायकांच्या अंगावरून पाय टाकत बुआंगापर्यंत आली, तिचे दोन्ही खांदे धरले. रडत होती आणि हसत होती. मग हळूहळू तिचं हसू उतरलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"पेम्बे..."

"तो पडतो हे तुला माहीत होतं. आणि तू त्याच्या उशाशी बसून राहिलीस. त्याला घास भरवताना माझा भाऊ तुझ्यासमोर होता. हात लांब केला असतास तरी पोचला असता." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आणि त्यानंतर रोज मला केळी घेऊन आलीस."

तिनं खांद्यांवरचे हात काढून घेतले आणि घरी गेली. त्या दिवसापासून ती बुआंगाशी बोलली नाही.

पुढे जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. मबिकासाठी अखेर ढोल वाजले, लोक कॉफीच्या झुडपांमागे जाऊन रडून आले, पाणवठ्यावरच्या बायका पेम्बाला जागा देऊ लागल्या. तेवढं चांगलं झालं. पण रडून परत येताना प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट होती: बुआंगा बोलली. पुढे-मागे अजून काय बोलेल? केळीच्या घडाचं, पोराचं, सासऱ्याचं? ज्यांनी म्हणून तिच्या हातून पान घेतलं होतं ते सगळे तिला चुकवू लागले. माना वळू लागल्या, दारं लोटली जाऊ लागली. मासळीवालीनं सांगितलं की मासळी संपली. समोर टोपली भरलेली होती. मुकेतूनं तिला शिव्या दिल्या नाहीत. तो एकदाच घरी आला, उभ्यानंच म्हणाला, "आता पाण्यात न्गुदी उतरेल," आणि गेला. न्गुदी म्हणजे त्याच्या बायकोकडची एक तरुण बाई. मनानं बरी होती, पण ती विचारायची तेव्हा तिचीच नजर खाली असायची.

आणि न्गुदीला कुणी काही सांगेना. चार लोकांनी मिळून ठरवावं तसं सगळे तेच बोलू लागले: कोंबडी चोरली, आईला उलट बोललो, झालं. दोन-तीन पानं. पाण्यात बोललेलं सरकारच्या गाडीपर्यंत जातं, हे एकदा कळल्यावर कोण वेडा बोलेल?

नियमही आला. लाकूड खाणाऱ्यानं मशीनचा कागद आणायचा. मशीन मोठ्या गावात, रस्ता पावसात वाहून गेलेला, आणि पोचलात तर वीज नाही. ओबोनबाई परत कधी आली नाही. तिला दुसरीकडे पाठवलं म्हणे. मग आमच्या लोकांनी आमच्यासारखाच मार्ग काढला. एक दणकट गडी आहे, करवतीवर काम करतो. तो मोठ्या गावाला जातो आणि वेगवेगळ्या नावांनी मशीनखाली झोपून येतो. गावाची छाती अशी एकदम ठणठणीत झाली. मुकेतूला हे माहीत होतं का? विचारू नका. त्याच्यासमोर कागद येत होता, आणि कागद आला म्हणून त्यानं अंगणात विचारायचंही सोडून दिलं. सरकारचं मशीन सांगतं ना, मग मी कशाला? जुना नियम नव्या नियमाच्या आड असा बिनबोभाट मेला.

मबिकानंतर वारस दिबादी. पेम्बाचा धाकटा. तोच, ज्याला थोरल्यानं उगीच मारलं होतं. त्याला लाकूड खायचं होतं ते मंडपासाठीच नव्हे. तिकडे मबिका भेटेल, त्याला विचारायचं होतं की तू असा का गेलास.

दिवस ठरला तेव्हा बुआंगानं त्याला चढावर गाठलं. तो जळणाचा भारा घेऊन येत होता. अर्ध्या चढावर त्यानं भारा खाली टाकला आणि झाडाला टेकून उभा राहिला, डोळे मिटून. थकलेला माणूस वाकतो, धापा टाकतो. हा ताठ उभा होता आणि तोंड अर्धवट उघडं होतं.

"दिबादी, तुला अंधारी येते का रे?"

त्यानं डोळे उघडले. "नाही आई." जीभ चुकली असावी, कारण लगेच म्हणाला, "नाही, म्हातारे."

"खरं सांग बाळा. मी आता पाण्यात नाहीये. माझ्याजवळ पान नाही, काही नाही."

"कागद आणलाय मी."

"कुणाच्या छातीचा?"

त्यानं भारा उचलला. "तुला सांगायला मी काय खुळा आहे? भावानं सांगितलं होतं तुला. काय केलंस त्याचं? आधी गप्प बसून त्याला मारलंस, मग बोलून सगळ्या गावाला उघडं केलंस. दोन्ही तूच केलंस." तो हे रागानं बोलला नाही, आणि त्यात खोटंही काही नव्हतं.

ती मुकेतूकडे गेली. "त्याला देऊ नकोस. थोरल्यासारखंच आहे त्याचं."

"त्यानं तुला सांगितलं?"

"मी पाहिलं."

"तुझं ऐकून मंडप चालवू आता?" मुकेतू म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "माझं वय झालं, बुआंगे. दुसरा भाचा नाही मला."

पेम्बाच्या दाराशी ती हाका मारत बसली. आत चूल पेटलेली होती, धूर नेहमीसारखा बुआंगाच्या घराकडे जात होता. दार उघडलं नाही. "पेम्बे, तुझं दुसरंही जाईल गं," असं ती म्हणाली तेव्हा आतून आवाज आला, पण तो भांडं आपटल्याचा होता. आधी तोंड उघडलं नाही म्हणून, आणि मग उघडलं म्हणून. आता ती काहीही बोलली तरी ते ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या पहाटे बुआंगा कसावाचे कंद घेऊन नदीच्या खालच्या अंगाला गेली. जिथं त्या दिवशी कुणी जात नाही तिथं. तिला अडवायला कुणी आलं नाही. तिच्या जेवणात काय मिसळतं याची कुणाला पडली होती? वळणाच्या वर न्गुदी पाण्यात उतरलेली झाडीतून दिसत होती आणि तिच्यासमोर दिबादी. काठावर पेम्बा होती, पांढरं वस्त्र गुंडाळून, पोराच्या परतीचं जेवण मनात रांधत असणार. शब्द इथपर्यंत येत नव्हते. पानं आली असती.

बुआंगानं कंद पाण्यात दाबले आणि वळणाकडे बघत बसली. कोंबडीचं एक येऊ दे, ती म्हणाली. आईला उलट बोलल्याचं येऊ दे. भावाला शाप दिल्याचं. आणि सगळ्यात शेवटी एक मोठं पान येऊ दे, ते मी हातात धरीन, ह्या वेळी जाऊ देणार नाही, ते घेऊन तशीच ओल्या अंगानं मंडपात जाऊन उभी राहीन, मग मला मारा, हाकला, काहीही करा. ती उठून पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत, मग मांड्यांपर्यंत. हात पसरून उभी राहिली.

वरून बायकांचं गाणं सुरू झालं. पाण्यातून बाहेर काढतानाचं गाणं, तिनंच कित्येकांना शिकवलेलं. म्हणजे विचारणं झालं होतं, सांगणं झालं होतं.

पाणी तिच्या बोटांमधून जात राहिलं. एकही पान आलं नाही.

"दिबादी," ती ओरडली, "एक तरी सोड रे!"

काठावर पेम्बानं वळून खाली पाहिलं. मग तिनं पोराच्या खांद्यावर कोरडं वस्त्र टाकलं, त्याच्या केसांतलं पाणी पुसलं आणि त्याला मंडपाकडे घेऊन गेली.